लोणी, मलई आणि पुरावा

मिशिगन राज्यातले बॅटल क्रीक हे गाव जगाला ठाऊक झाले ते कॉर्नफ्लेक्समुळे. केलॉग बंधूंचे आरोग्यधाम इथले आणि कारखानाही इथलाच. धान्याच्या पाकळ्या विकून नावारूपाला आलेल्या याच गावात, विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात, ह्यू कॉन्क्लिन नावाचा एक ऑस्टिओपॅथ अपस्माराच्या रोग्यांना धान्याचा कणही न देता बरे करण्याचा दावा करत होता. त्याचा उपचार म्हणजे निव्वळ लंघन. फिट येणाऱ्या मुलाला तो अठरा ते पंचवीस दिवस फक्त पाण्यावर ठेवी. आतड्यात विष तयार होते, ते रक्तातून मेंदूत जाते आणि फिट येते. आतडी रिकामी ठेवली की विषाचा उगमच बंद होतो, असे त्याचे म्हणणे होते. ही उपपत्ती साफ चुकीची होती. पण बऱ्याच मुलांच्या फिट्स उपासाच्या काळात खरोखरच थांबत होत्या.

आज जिममध्ये आणि व्हॉट्सॲपवर ज्याला ‘कीटो’ म्हणतात त्या आहाराची वंशावळ इथून सुरू होते. शंभर वर्षांत त्याच्याबद्दल दावे झाले, विसर पडला, पुन्हा दावे झाले. त्याच्या बाजूने आणि विरोधात आज जे बोलले जाते त्यातले किती पारखलेले आहे हे समजून घ्यायचे, तर कोणी केव्हा काय मोजले हे क्रमाने पाहावे लागते.

उपासाने फिट्स थांबतात ही गोष्ट कॉन्क्लिनने शोधली नव्हती. हिप्पोक्रेट्सच्या परंपरेतल्या ग्रंथांत तिचा उल्लेख आहे. १९११ मध्ये पॅरिसच्या ग्वेल्पा आणि मारी या डॉक्टरांनी अपस्माराच्या रोग्यांवर उपासाचा प्रयोग करून तो प्रसिद्धही केला होता. मग अमेरिकेतल्या सुशिक्षित घरांनी एका ऑस्टिओपॅथचे दार का ठोठावावे? कारण दुसरीकडे हाती लागण्यासारखे फार थोडे होते. १८५७ पासून ब्रोमाइड दिले जाई. त्याने फिट्स कमी होत, पण मूल दिवसभर गुंगीत राही. १९१२ मध्ये फेनोबार्बिटल आले, तेही झोप आणणारेच. अशा वेळी तीन आठवड्यांचा उपास आईबापांना सौदा वाटला असेल तर नवल नाही.

त्यातले एक घर होते न्यूयॉर्कच्या चार्ल्स हॉवलंड या धनाढ्य वकिलाचे. त्याच्या मुलाला अपस्मार होता आणि मुलावर कॉन्क्लिनचा उपचार चालला होता. चार्ल्सचा भाऊ जॉन हॉवलंड हा बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्समध्ये बालरोगशास्त्राचा प्राध्यापक, म्हणजे त्या काळच्या अमेरिकी बालवैद्यकातले मोठे नाव. वकिलाने १९१९ मध्ये भावाला पाच हजार डॉलर दिले आणि उपासाने नेमके काय होते ते शोधून काढायला सांगितले. त्या पैशावर जेम्स गँबल आणि त्याच्या सहकाऱ्यांनी उपास करणाऱ्या मुलांच्या रक्तातले व लघवीतले क्षार मोजले. फिट का थांबते याचे उत्तर त्यांना मिळाले नाही. मिळाले ते वेगळेच: शरीरातले पाणी आणि क्षार यांचा तोल कसा राखला जातो, याविषयीच्या आधुनिक ज्ञानाचा पाया त्या मोजमापांत घातला गेला.

उपासाची अडचण उघड होती. मूल किती दिवस उपाशी ठेवणार? जेवण सुरू झाले की फिट्स परतत. १९२१ मध्ये ही कोंडी फुटली. शिकागोच्या रोलिन वुडयाट यांनी दाखवून दिले की उपाशी माणसाच्या रक्तात जे ॲसिटोन आणि बीटा-हायड्रॉक्सीब्युटिरिक आम्ल दिसते, तेच पोटभर जेवणाऱ्या माणसातही दिसू शकते. अट एकच, जेवणात पिष्ट आणि साखर अगदी कमी हवी आणि स्निग्ध पदार्थ भरपूर. शरीराला साखर मिळाली नाही की यकृत चरबीपासून कीटोन बनवते, मग ती चरबी पोटावरची असो की ताटातली. त्याच वर्षी जुलैमध्ये मिनेसोटातल्या मेयो क्लिनिकच्या रसेल वाइल्डर यांनी पुढचे पाऊल सुचवले: अपस्माराच्या रोग्यांना उपास घडवण्याऐवजी असा आहारच देऊन पाहावा. वाइल्डर मूळचे मधुमेहाचे डॉक्टर. ‘कीटोजेनिक डाएट’ हे नाव त्यांनीच दिले.

मेयोतलेच बालरोगतज्ज्ञ मायनी पीटरमन यांनी या कल्पनेला हिशेबाची चौकट दिली. मुलाच्या वजनाच्या दर किलोमागे १ ग्रॅम प्रथिने, दिवसाला १० ते १५ ग्रॅम कर्बोदके आणि बाकी सगळी स्निग्धता. १९२५ मध्ये त्यांनी ३७ रुग्णांचा अनुभव मांडला. बहुतेकांना गुण आला होता, आणि साठ टक्क्यांच्या फिट्स पूर्ण थांबल्या होत्या. मुले अधिक सावध आणि शांत झाली, हेही त्यांनी नोंदवले.

ही चौकट पाळायची म्हणजे काय, हे एका मुलाच्या ताटावरून पाहू. आज रूढ असलेल्या ४:१ या प्रमाणात ४ ग्रॅम स्निग्धतेला प्रथिने आणि कर्बोदके मिळून १ ग्रॅम. स्निग्धतेच्या ग्रॅमला ९ कॅलरी आणि इतर दोन्हींना ४, म्हणजे अशा एका घटकातून ४० कॅलरी मिळतात आणि त्यातल्या ३६ एकट्या स्निग्धतेतून. १५ किलोच्या मुलाला दिवसाला १२०० कॅलरी द्यायच्या, तर असे ३० घटक लागतात: १२० ग्रॅम स्निग्धता, १५ ग्रॅम प्रथिने, १५ ग्रॅम कर्बोदके. आपल्याकडच्या एका मध्यम पोळीतच १५ ग्रॅमहून जास्त कर्बोदके असतात. म्हणजे एका पोळीने दिवसाचा कोटा संपतो, आणि १२० ग्रॅम लोणी, मलई, तेल पोटात घालायचे उरतेच. प्रत्येक पदार्थ ग्रॅमच्या काट्यावर तोलायचा, वाटीला लागलेली मलईसुद्धा रबरी चमच्याने निपटून मुलाला द्यायची, कारण ती हिशेबात धरलेली असते. औषधाच्या गोड सिरपमधली साखरही मोजायची. हे एक दिवस नाही, दोन वर्षे.

१९२० आणि ३० च्या दशकांत अमेरिकेतल्या रुग्णालयांनी हा खटाटोप केला. मग १९३८ मध्ये मेरिट आणि पटनम यांनी फेनिटोइन हे औषध पुढे आणले. त्याने गुंगी कमी येई आणि फिट्स आटोक्यात राहत. गोळी गिळणे आणि मलई तोलणे यात निवड करायची झाली तर डॉक्टर आणि आईबाप दोघेही गोळीच निवडणार. त्यानंतर औषधांची रांग लागली आणि आहार पाठ्यपुस्तकाच्या तळटीपेत गेला. तो टिकला मोजक्या ठिकाणी, मुख्यतः जॉन्स हॉपकिन्समध्ये. तिथल्या सॅम्युएल लिव्हिंग्स्टन यांनी १९७२ मध्ये दीर्घकाळात पाहिलेल्या सुमारे हजार मुलांचा हिशेब मांडला, तेव्हा निम्म्याहून किंचित जास्त मुलांच्या फिट्स पूर्ण थांबल्याचे नोंदवले. १९७१ मध्ये पीटर हुटेनलोकर यांनी नारळाच्या तेलात आढळणाऱ्या मध्यम साखळीच्या स्निग्धाम्लांचा वापर करून पथ्य थोडे सैल केले. या तेलातून कीटोन लवकर बनतात, त्यामुळे मुलाच्या ताटात थोडी भाजी-फळे परत आली.

दरम्यान शरीरक्रियेचे कोडे थोडे उलगडले होते. मेंदू फक्त ग्लुकोजवर चालतो, हे तोवर गृहीतच धरलेले होते. तसे असेल तर लांब उपासात मेंदूसाठी लागणारे ग्लुकोज शरीराला स्नायू वितळवून बनवावे लागेल आणि माणूस काही आठवड्यांत संपेल. बॉस्टनच्या जॉर्ज केहिल यांच्या गटाने १९६७ मध्ये, पाच-सहा आठवडे उपास केलेल्या तीन स्थूल व्यक्तींच्या बाबतीत मेंदूकडे जाणारे आणि मेंदूतून परतणारे रक्त तपासले. जाताना त्यात कीटोन जास्त, परतताना कमी. म्हणजे मेंदू ते वापरत होता, आणि मुख्य इंधन म्हणून वापरत होता. १९९१ मध्ये न्यूयॉर्कच्या डॅरिल डी व्हिवो यांनी दोन बालकांचे वर्णन केले. त्यांच्या रक्तात साखर पुरेशी होती, पण ती मेंदूत पोचवणारे वाहक प्रथिन सदोष होते. मेंदूची उपासमार आणि म्हणून फिट्स. या विकारात कीटोजेनिक आहार हाच मुख्य उपचार ठरला, कारण कीटोन दुसऱ्या दाराने मेंदूत शिरतात. इतर प्रकारच्या अपस्मारात हा आहार नेमका कसा काम करतो, याचे असे एका वाक्यातले उत्तर आजही नाही.

तरी नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला हॉपकिन्समध्ये वर्षाला जेमतेम काही मुले या पथ्यावर ठेवली जात. १९९३ मध्ये तिथे चार्ली आला. त्याचे वडील जिम अब्राहम्स म्हणजे ‘एअरप्लेन!’ या धमाल विनोदी चित्रपटाच्या दिग्दर्शक त्रयीतले एक. पोराला अनेक औषधे देऊन झाली, मेंदूची शस्त्रक्रियाही झाली, फिट्स थांबेनात. वडिलांनी ग्रंथालयात बसून स्वतः वाचन केले, तेव्हा त्यांना या आहाराचा पत्ता लागला. बाल्टिमोरला जॉन फ्रीमन हे डॉक्टर आणि मिलिसेंट केली या आहारतज्ज्ञ यांच्या हाताखाली पथ्य सुरू झाले आणि काही दिवसांत फिट्स थांबल्या. अब्राहम्स यांचा राग मुलाच्या आजारावर कमी आणि या उपायाविषयी कोणी अवाक्षर काढले नाही यावर जास्त होता. त्यांनी १९९४ मध्ये मुलाच्या नावाने संस्था काढली, त्याच वर्षी दूरचित्रवाणीवर कार्यक्रम झाला, आणि १९९७ मध्ये मेरिल स्ट्रीपला घेऊन या विषयावर त्यांनी टीव्हीसाठी चित्रपटही केला.

फोन खणखणू लागले. पण एका मुलाची गोष्ट कितीही खरी असली तरी तिने हजार मुलांबद्दल काही सिद्ध होत नाही, आणि हॉपकिन्सच्या मंडळींना याची जाणीव होती. १९९८ मध्ये त्यांनी १५० मुलांचा अनुभव प्रसिद्ध केला. सगळी औषधांना न जुमानणारी. वर्षाअखेरीस, एकूण १५० पैकी २७ टक्क्यांच्या फिट्स नव्वद टक्क्यांहून अधिक घटल्या होत्या. पण याच अभ्यासातला दुसरा आकडाही तितकाच महत्त्वाचा आहे: वर्ष संपताना ५५ टक्केच मुले पथ्यावर टिकली होती.

इथेही एक पळवाट राहतेच. फिट्स कधी आपोआपही कमी होतात, आणि आईबाप नवा उपाय सुरू करतात तो नेमका फिट्स शिगेला पोचलेल्या वेळी. पुढे जरा उतार आला की श्रेय उपायाला. हे तपासायचे तर चिठ्ठ्या टाकून मुलांचे दोन गट करावे लागतात. एकाला लगेच आहार, दुसऱ्याला तीन महिने थांबून. लंडनच्या ग्रेट ऑर्मंड स्ट्रीट रुग्णालयाच्या हेलन क्रॉस आणि एलिझाबेथ नील यांनी हे केले आणि निकाल २००८ मध्ये आला. १४५ मुले, किमान दोन औषधे फसलेली. तीन महिन्यांनी आहाराच्या गटातल्या फिट्स सरासरीने आधीच्या ६२ टक्क्यांवर उतरल्या, थांबलेल्या गटात त्या १३७ टक्क्यांवर चढल्या. फिट्स निम्म्याहून कमी झाल्या त्या आहारावरच्या ३८ टक्के मुलांत, दुसऱ्या गटात फक्त ६ टक्क्यांत. वाइल्डर यांच्या सूचनेपासून या चाचणीपर्यंत ८७ वर्षे गेली होती.

भारतात हे पथ्य आणायचे तर वजनकाटा, आहारतज्ज्ञ आणि वाचता येणारी आई या तिन्हींची अडचण. मार्ग निघाला तो सुधारित ॲटकिन्स आहाराने. हॉपकिन्सच्याच एरिक कॉसॉफ यांच्या गटाने २००३ मध्ये तो पुढे आणला होता. त्यात फक्त कर्बोदकांवर कडक बंधन, बाकी तोलामापाची कटकट कमी. दिल्लीच्या एम्समध्ये १०२ मुलांवर त्याची चाचणी झाली आणि २०१३ मध्ये निकाल आला: फिट्स निम्म्याहून कमी झालेली मुले आहाराच्या गटात ५२ टक्के, दुसऱ्या गटात ११.५ टक्के. पुढे दिल्लीतच फारसे शिक्षण नसलेल्या पालकांसाठी हा आहार आणखी सोपा करून त्याचीही चाचणी घेतली गेली, आणि तिथेही निम्म्याहून अधिक मुलांना तसाच गुण आला.

किंमत मोजावी लागते, तीही नोंदलेली आहे. बद्धकोष्ठ, उलट्या, रक्तातली चरबी वाढणे, उंची-वजनाची वाढ मंदावणे. साधारण पंधरा मुलांत एकाला मुतखडा होतो, म्हणून बऱ्याच ठिकाणी सुरुवातीपासून पोटॅशियम सायट्रेट देतात. जीवनसत्त्वे आणि कॅल्शियम बाहेरून द्यावी लागतात. दिवसाला वीस फिट्स येणाऱ्या मुलासाठी हा व्यवहार बहुधा परवडतो.

आता या गोष्टीची दुसरी शाखा. १८६३ मध्ये लंडनच्या विल्यम बँटिंग नावाच्या अंत्यविधीच्या व्यावसायिकाने, पाव, साखर, बटाटे, बिअर सोडून आपण कसे सडपातळ झालो हे सांगणारी पुस्तिका काढली आणि ती तुफान खपली. १९७२ मध्ये न्यूयॉर्कच्या रॉबर्ट ॲटकिन्स यांनी तोच धागा उचलला आणि त्याला कीटोनची जोड दिली. पहिल्या टप्प्यात कर्बोदके इतकी कमी की लघवीच्या पट्टीवर कीटोन दिसावेत. पुस्तकाच्या लाखो प्रती गेल्या. अमेरिकन मेडिकल असोसिएशनने १९७३ मध्ये त्यावर कडक टीका केली. रुग्णालयात ग्रॅमने तोलला जाणारा उपचार इथे ‘हवे तेवढे मटण खा’ असे आमंत्रण बनला. फिट्स मोजता येत होत्या. ‘आरोग्य’ कसे मोजायचे, हा प्रश्न मात्र इथे फारसा कोणी विचारला नाही.

विचारला गेला तेव्हा उत्तरे निराळी आली. २००३ मध्ये ६३ स्थूल व्यक्तींवर झालेल्या चाचणीत सहा महिन्यांपर्यंत वजन घटवण्यात ॲटकिन्सवाले रूढ, कमी स्निग्धतेच्या आहारावरच्या गटापेक्षा पुढे होते. वर्ष संपताना दोन्ही गटांत लक्षणीय फरक उरला नाही. सुरुवातीच्या वेगाचे एक साधे कारण आहे. स्नायू आणि यकृतात साठवलेल्या ग्लायकोजेनच्या प्रत्येक ग्रॅमसोबत सुमारे ३ ग्रॅम पाणी असते. साठा संपला की पाणी जाते, काटा खाली येतो, चरबी तिथेच असते.

इन्शुलिनच वजन वाढवते, म्हणून कॅलरी सारख्या ठेवूनही कर्बोदके कापली की चरबी झपाट्याने जळेल, असा एक सिद्धान्त होता. त्याचे प्रमुख पुरस्कर्ते गॅरी टॉब्स यांनी सहस्थापक म्हणून उभारलेल्या संस्थेनेच त्याच्या परीक्षेला पैसा दिला. संशोधक केव्हिन हॉल यांनी १७ पुरुषांना दोन महिने बंदिस्त विभागात ठेवून घास न् घास मोजला. २०१६ चा निकाल पुरस्कर्त्यांना रुचणारा नव्हता: ऊर्जेचा खर्च किंचित वाढला, चरबी घटण्याचा वेग उलट मंदावला. २०२१ मध्ये हॉल यांनी २० जणांना दोन आठवडे कीटो आणि दोन आठवडे कमी स्निग्धतेचे शाकाहारी जेवण हवे तेवढे खाऊ दिले. वजन दोन्हींवर उतरले. पण कमी स्निग्धतेच्या जेवणावर लोक आपणहून दिवसाला जवळपास ७०० कॅलरी कमी खात होते. जेवणानंतरची साखर मात्र त्या आहारावर जास्त चढत होती. दोन्ही बाजूंच्या घोषणांना यात थोडे थोडे तथ्य सापडते.

मधुमेहात चित्र अधिक आशादायक, आणि तरीही अपुरे. २०१८ मध्ये सेरा हॉलबर्ग यांच्या गटाने दाखवले की डॉक्टर आणि प्रशिक्षक यांच्या सततच्या देखरेखीखाली २६२ मधुमेहींची सरासरी एचबीए१सी (मागच्या काही महिन्यांतल्या साखरेचे माप) वर्षभरात ७.६ वरून ६.३ वर आली आणि बहुतेकांचे इन्शुलिन कमी झाले किंवा सुटले. पण इथे चिठ्ठ्या टाकलेल्या नव्हत्या. लोकांनी हा मार्ग स्वतः निवडला होता, आणि वाईट कोलेस्टेरॉल, म्हणजे एलडीएल, सुमारे १० टक्के वाढले होते. २०२२ मध्ये स्टॅनफर्डच्या ख्रिस्तोफर गार्डनर यांनी कीटो आणि कडधान्ये-फळे-धान्ये असलेला भूमध्य आहार एकाच गटावर आळीपाळीने बारा-बारा आठवडे तपासला. साखर दोन्हींवर सारखीच सुधारली. ट्रायग्लिसराइड कीटोवर जास्त उतरले, एलडीएल कीटोवर चढले आणि दुसऱ्यावर घटले. म्हणजे डाळी आणि फळे सोडण्याचा त्याग साखरेपुरता तरी वेगळे काही देऊन गेला नाही. आणि इन्शुलिन किंवा डापाग्लिफ्लोझिनसारख्या गोळ्या घेणाऱ्याने हे पथ्य मनाने सुरू करणे धोक्याचे. इन्शुलिन चालू असताना साखर एकदम खाली येऊ शकते. त्या गोळ्यांमुळे, रक्तातली साखर फारशी वाढलेली नसतानाही रक्त आम्लधर्मी होऊ शकते. अमेरिकी औषध प्रशासनाने २०१५ मध्येच तसा इशारा दिला आहे.

अल्झायमर, मानसिक विकार, कर्करोग अशा अनेक आजारांत सध्या हा आहार तपासला जात आहे. निकाल येतील तेव्हा प्रत्येक वेळी तेच विचारावे लागेल: कोणते रोगी, काय मोजले, कशाशी तुलना केली, किती दिवस? अपस्मारात या प्रश्नांची उत्तरे आहेत म्हणून तिथला पुरावा भक्कम आहे. निरोगी किंवा थोड्या जाड माणसाने वर्षानुवर्षे लोणी-मलई-पनीर खाल्ल्याने हृदयविकार वाढतो की घटतो, हे ठरवणारी दीर्घकालीन चाचणी झालेलीच नाही, आणि तोवर चढलेले एलडीएल डोळ्यांआड करण्याचे कारण नाही. हॉपकिन्सच्या त्या १५० मुलांकडे पुन्हा पाहिले तर आणखी एक गोष्ट कळते. दारात फिट्स उभ्या, घरात आईबापांचा चोवीस तास पहारा, मदतीला आहारतज्ज्ञ, आणि तरी वर्षभरात जवळपास निम्मी मुले या पथ्यातून बाहेर पडली. लग्नाच्या हंगामाआधी आठ किलो उतरवायचे म्हणून कीटो धरणाऱ्याकडे यातले काहीच नसते. त्याने वर्षभर टिकेल असे काही निवडावे, मग त्यात भाकरी असली तरी चालेल.